ठाणे ते दिवेआगर, डाव्या चाकाच्या आवाजासकट

दिवेआगरला कसं जायचं, कुठे राहायचं, काय खायचं हे सांगणारे ब्लॉग इंटरनेटवर पोत्याने पडलेत. सगळ्यांत नारळाच्या झावळ्या असतात, बुडणारा सूर्य असतो आणि शेवटी 'मन कसं शांत झालं' हे वाक्य असतंच. माझं मन शांत झालं नाही. आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून पेणपासून दिवेआगरपर्यंत एक बारीक 'चीं' असा आवाज येत होता, आणि गाडीतल्या दोघांपैकी तो एकालाच ऐकू येत होता. तेव्हा ज्यांना शांत मन हवंय त्यांनी दुसरीकडे जावं. ज्यांच्याकडे जुनी गाडी आणि जुने वडील आहेत, त्यांनी बसून घ्या.

माझे वडील, म्हणजे आप्पा, पंचाहत्तर वर्षांचे आहेत. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एकटे राहतात. बसगाड्यांच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. तिथे त्यांचा दबदबा असा होता की बस गेटातून आत येतानाच खुर्चीवरून न उठता ते सांगायचे, मागचं उजवं, बेअरिंग. माणसं चाक उघडायची आणि बेअरिंगच निघायचं. घरीही तेच. मिक्सर, पंखा, पाण्याचा पंप, शेजाऱ्यांची स्कूटर, कुणाचाही आवाज बिघडला की आप्पा मान तिरकी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. माझ्या लग्नात बँडवाल्यांच्या जनरेटरचा एक प्लग गेलाय, हे त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना सांगितलं होतं. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी एक पांढरी छोटी गाडी घेतली. ती आता सोळा वर्षांची आहे आणि तिची चावी आप्पांच्या शर्टाच्या खिशात राहते.

ही चावी काढून घ्यायची, असं माझा धाकटा भाऊ मकरंद याने पुण्यात बसून ठरवलं. झालं असं की सोसायटीच्या गेटात एक टेम्पो मागून हॉर्न देत होता आणि आप्पांनी गाडी आरामात मध्ये उभी ठेवून मागे पाहिलंसुद्धा नाही. कुणीतरी ते मकरंदला कळवलं. आमच्या सोसायटीत पाणी वेळेवर येत नाही, पण बातमी येते. नेमकं त्याच आठवड्यात आप्पांनी जाहीर केलं की दर जानेवारीप्रमाणे ते दिवेआगरला जाणार, तिथे वाडी असलेल्या आमच्या भाऊकाकांकडून वर्षाचं खोबरेल तेल आणि सुपारी आणणार, आणि गाडी स्वतः चालवणार.

मकरंदने मला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तू बरोबर जा आणि नीट बघ. परत आल्यावर तू हो म्हणालीस तर चावी त्यांच्याकडे. नाही म्हणालीस तर मी येऊन गाडी विकतो." मकरंदची ही लहानपणापासूनची पद्धत आहे. निकाल माझ्या तोंडून, शिव्या मला, आणि घरात शहाणा तो.

आप्पांना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. पण निघायच्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तिन्ही आरसे पुसले होते आणि ट्रॅफिकचे नियम पाळणारा माणूस जितका बिचारा दिसू शकतो तितके ते बिचारे दिसत होते. पनवेलपर्यंत त्यांनी रिकाम्या रस्त्यावरही लेन बदलायला इंडिकेटर दिला. मी शेजारी परीक्षक म्हणून बसले होते आणि मलाच घाम फुटत होता.

रस्त्याबद्दल सांगायचं तर पनवेल ते वडखळ हा रस्ता दरवर्षी 'आता पुष्कळ सुधारलाय' असतो. यंदाही पुष्कळ सुधारलाय. पेणला गर्दीत गाडी हळू झाली आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर आपटून तो आवाज पहिल्यांदा माझ्या कानावर आला. चीं, चीं, चीं. दूधवाल्याची जुनी सायकल गल्लीतून जाते ना, तसा. मी रेडिओ बंद केला, पंखा बंद केला, काच खाली केली. आवाज आमचाच होता.

आप्पांना म्हटलं, "चाकातून आवाज येतोय." त्यांनी मान तिरकी केली, जशी ते नेहमी करतात. मग म्हणाले, "काही नाही. शेजारच्या रिक्षाचा आहे." रिक्षा गेली. आवाज राहिला. मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले की चाळीस वर्षं त्यांनी हेच केलंय आणि मला शाळेत भूगोल शिकवून गाडीच्या चाकातलं कळायला लागलं असेल तर त्यांना आनंदच आहे. मला राग आला. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि वडखळच्या नाश्त्यापर्यंत बोलले नाही. मिसळ बरी होती, चहा गोड होता, आणि स्वच्छतागृहाबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण तुमचा बेत मोडायचा माझा हेतू नाही.

पंचाहत्तरीत एका दमात पोचायचं नाही म्हणून पहिला मुक्काम किहीमला ठेवला होता. नारळाच्या बागेतलं कॉटेज, जेवणासकट दोघांचे तीन हजारांच्या आत. शनिवार-रविवारी गेलात तर हाच आकडा दुप्पट होतो आणि बागेत मुंबईची मुलं स्पीकर लावून निसर्गाचा आनंद घेतात, म्हणून मधल्या वारी जा. आम्ही फाटकातून आत शिरलो, तर तिथला म्हातारा राखणदार खुर्चीवरून उठून चाकाकडेच आला. म्हणाला, "चाक वरडतंय तुमचा. बेरिंग गेलाय, दुसरा काय न्हाय." आप्पांनी मला विचारलं, काय म्हणतोय तो? मी म्हटलं, गाडी छान ठेवलीय म्हणतोय. आप्पा खूश झाले आणि त्याला त्यांनी गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं.

हे खोटं मी का बोलले, मला तेव्हा कळलं नाही. परीक्षकाने विद्यार्थ्याला उत्तर सांगावं तसला प्रकार. पण बेअरिंगचं नाव एका राखणदाराने घ्यावं आणि आप्पांनी ते ऐकावं, हे माझ्याने बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी अलिबागवरून रेवदंड्याला आलो. पुलाच्या अलीकडे टायरमध्ये हवा भरायला थांबलो तर पंक्चरवाला म्हणाला की चाकाच्या चकतीमागे पत्रा असतो, त्यात खडा अडकलाय, गाडी जोरात रिव्हर्स घ्या, पडेल. आप्पा पाणी आणायला गेले होते. ते आल्यावर मी त्यांना सांगितलं की मला पुलाचा फोटो काढायचाय, जरा मागे घ्या. अजून मागे. अजून जरा मागे. खडा पडला नाही, फोटो मात्र चौदा आले. पुलावरून खाडी सुरेख दिसते, हे चौदाही फोटोंत आहे.

पुढे काशीद, नांदगाव, मुरूड. हा रस्ता अरुंद आहे, वळणावळणाचा आहे आणि एका बाजूला सतत समुद्र दिसत राहतो, त्यामुळे चालवणाऱ्याने तो पाहू नये. आप्पा पाहत नव्हते. खरं सांगायचं तर त्यांनी गाडी फार चांगली चालवली. चढावर गिअर कधी पडला ते कळत नव्हतं. मुरूडला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात मकरंदला 'हो' म्हणून टाकलं होतं.

मग आगरदांडा आला. इथून दिघीला गाडीसकट बोटीने जायचं, नाहीतर भलामोठा वळसा पडतो. बोट पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे नेते, भाडं गाडीच्या आकाराप्रमाणे, आणि सुट्टीच्या दिवशी रांग लागते, तर तासभर आधी पोचा. गाडी उलटी, म्हणजे रिव्हर्समध्ये बोटीवर चढवायची होती. मागे एक माणूस शिट्टी वाजवत हाताने खुणा करत होता. त्याने थांबायची शिट्टी वाजवली. आप्पा थांबले नाहीत. त्याने परत वाजवली, लांब, कर्कश, माझे कान दुखले इतकी. आप्पा शांतपणे मागे येत होते. शेवटी त्या माणसाने डिकीवर दोन थपडा मारल्या, आणि त्या धक्क्याने आप्पांनी ब्रेक दाबला. मागच्या मोटारीला दोन बोटं उरली होती.

"आंधळा आहे का हा? शिट्टी वाजवायची सोडून ठोकतोय कसला," आप्पा म्हणाले.

टेम्पोचा हॉर्न, दारावरची बेल, कुकरच्या शिट्ट्या, मी शेजारून मारलेल्या हाका, सगळं एकदम समोर आलं. आम्ही घरात याला आप्पांचा हट्टीपणा म्हणत होतो. ते मुद्दाम उत्तर देत नाहीत, असा माझा पाच वर्षांचा पक्का समज होता, आणि त्यावरून मी त्यांच्याशी भांडलेही होते. त्यांना ऐकूच येत नव्हतं. सगळंच नव्हे. माझं बोलणं समोरून ऐकू यायचं, इंजिनाची घरघर यायची. जे बारीक आणि वरच्या पट्टीतलं, ते गेलं होतं. आणि डाव्या चाकाचा आवाज नेमका तसा होता.

बोटीवर आणखी दोघांनी निदान केलं, फुकट. एकाच्या मते सस्पेन्शन. दुसऱ्याने गाडी विकायला सुचवली, त्याचं नाव मकरंद नव्हतं तरी. मी डोक्यावर ओढणी घेऊन समुद्र बघितला. सीगल होते म्हणतात.

दिवेआगर. बोर्ली पंचतन ओलांडलं की वाड्या सुरू होतात, खाली सुपारी, वर नारळ, मध्ये पाण्याचे पाट. भाऊकाकांची वाडी २०२० च्या वादळात निम्मी आडवी झाली होती. नव्या सुपाऱ्या आता कुठे धरू लागल्यात. काका याबद्दल विचारल्याशिवाय बोलत नाहीत, आणि विचारलं तर कुठलं झाड कुठल्या कोनात पडलं ते सांगतात. त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. राहणं स्वस्त, काकूंच्या हातचे उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात, आणि 'दोनच खाईन' असं कुणी म्हटलं तर काकू ते मनावर घेत नाहीत. आप्पा सहा खाऊन झोपायला गेले.

पडवीत लाकडी झोपाळा आहे. मी त्यावर बसले आणि लक्षात आलं की तो मुळीच करकरत नाही. काकांना विचारलं तर ते हसले. झोपाळ्याच्या कड्या, विहिरीचा रहाट, फाटकाच्या बिजागऱ्या, कपाटाची कुलपं, सगळ्याला ते घरचं खोबरेल घालतात. डोक्याला, गुडघ्याला, लहान मुलांच्या कानात, देवाच्या समईत तेच. लांब चोचीची तेलाची झारी पडवीतच खिळ्याला टांगलेली असते. दिवेआगरात ज्याचा आवाज येईल त्याला खोबरेल मिळतं.

आता पुढचं मी कबूल करते, कारण हा ब्लॉग वाचून कुणीतरी हा मूर्खपणा टाळावा. मी काकांना चाकाचं सांगितलं. मी विचार केला, आवाज बंद झाला की आप्पांचं 'काही आवाज नाही' हे खरं ठरेल. वाटेत कुणी राखणदार उठून येणार नाही, मकरंदने व्हिडिओ कॉल केला तर त्याला काही ऐकू येणार नाही, आणि बोटीवरची ती शिट्टी माझ्याजवळच राहील. काका म्हणाले, "एवढंच ना? आप्पांना उठवू नको." त्यांनी झारी काढली. मी चाकावरची टोपी काढून धरली. चाकाच्या भोकांतून ती चकचकीत चकती दिसत होती, तिच्यावर काकांनी सढळ हाताने तेल सोडलं. मग म्हणाले, एकालाच कशाला, आणि उजव्यालाही सोडलं. मी भूगोलाची शिक्षिका, पंचवीस वर्षं वाहतूक आणि दळणवळण शिकवते. चकती म्हणजे ब्रेक, ब्रेक म्हणजे घर्षण, आणि तेल म्हणजे घर्षण संपलं, एवढं सातवीच्या मुलाला सुचलं असतं. मला नाही सुचलं. मी काकांना थँक्यू म्हटलं.

एक दिवस समुद्रावर पायी हिंडण्यात गेला, तो मी वगळते. किनारा लांब, स्वच्छ, पाण्याला ओढ आहे, फार आत जाऊ नका.

चौथ्या दिवशी सकाळी डिकीत तेलाचे दोन डबे, सुपारीची पिशवी आणि काकूंनी बांधून दिलेले मोदक ठेवून निघालो. आवाज नव्हता. एकदम शांत. मी स्वतःवर इतकी खूश होते की आप्पांना म्हटलं, गाडी कशी पाण्यासारखी चाललीय. वाडीच्या टोकाला म्हैस आडवी आली, त्यांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण ज्या जागी थांबायला हवी होती तिथे नाही. आप्पांनी ब्रेक सोडून परत दाबला. मग सोडला, दाबला.

"पाय वेगळा लागतोय," ते म्हणाले. "ब्रेकला कुणी हात लावला का?"

मी नाही म्हटलं.

हे मी नंतर कितीदा आठवलं असेल, देव जाणे. एका 'हो'ने काम झालं असतं. आम्ही वाडीतच थांबलो असतो. पण मला वाटलं, आता सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल, आवाजाचं, शिट्टीचं, मकरंदचं. त्यापेक्षा नाही सोपं होतं.

आप्पांनी माझ्यावर विश्वास ठेवला, पायावर जास्त ठेवला. बोर्लीच्या बाजारातून ते बैलगाडीच्या वेगाने गेले. मागचे हॉर्न देत होते, ते त्यांना ऐकू येत नव्हते, आणि त्या दिवशी तेच बरं झालं. दिघीकडचा डोंगर उतरायला लागायच्या आधी त्यांनी दुसरा गिअर टाकला. मी मनात म्हटलं, आता बोट चुकणार.

पहिल्याच मोठ्या वळणावर समोरून एसटी आली. रस्ता एवढासा. आप्पांनी ब्रेक दाबला. गाडी थोडी धरली आणि सुटली. परत धरली, सुटली. मला आधी वास आला, कुणीतरी केळ्याचे वेफर्स तळतंय असा, आणि इतकी मी वेडी की आजूबाजूला दुकान शोधलं. मग आप्पांच्या पायाकडे बघितलं तर पाय पार खाली रोवलेला आणि गाडी चाललेलीच. उजवीकडे दरी होती. फार खोल नव्हती, पण आम्हाला पुरली असती.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी दुसऱ्यावरून पहिला गिअर टाकला, इंजिन केकाटलं, गाडी पुढे वाकली. डावा हात हँडब्रेकवर, एकदम नाही ओढला, बटण दाबून थोडा ओढला, सोडला, अजून ओढला. आणि गाडी डावीकडे डोंगराच्या चरात घातली. डावी बाजू जांभ्या दगडाला खरवडत गेली, आरसा तुटला, आणि आम्ही थांबलो. एसटी शेजारून निघून गेली. ड्रायव्हरने हात केला.

आप्पांनी इंजिन बंद केलं, गिअर टाकला, खाली उतरले आणि मागच्या चाकाला दगड लावला. मग आपल्या दारातून आत वाकले आणि विचारलं, "लागलं का कुठे?" मी रडायला लागले. त्यांना वाटलं लागलंय.

भाऊकाकांना फोन केला. त्यांनी बोर्लीच्या मुनाफभाईंना पाठवलं. हे पन्नाशीचे गृहस्थ, वीस वर्षं मस्कतला गाड्या दुरुस्त करून आता बाजारात स्वतःचं गॅरेज टाकून बसलेले. स्कूटरवरून आले, हत्यारांची पिशवी खाली ठेवली, चाकाशी वाकले आणि पिशवी न उघडताच सरळ उभे राहिले.

"अल्ला," ते म्हणाले. "गाडी हाय का नारळाची वडी? तेल घातलान कोणी याला?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. काकांची झारी, दोन्ही चाकं, सगळं. मुनाफभाई मान खाली घालून चकती पेट्रोलने पुसत राहिले, कारण ते सज्जन आहेत.

"मला का नाही सांगितलंस?" आप्पांनी विचारलं.

"आवाज तुम्हाला ऐकू येत नव्हता, आप्पा. शिट्टीपण नाही ऐकू आली."

ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले आणि चावी एका हातातून दुसऱ्या हातात करत राहिले. मी जन्मात इतकं वाईट वाक्य कुणाला बोलले नव्हते.

चढ होता म्हणून गाडी हळूहळू परत बोर्लीला नेता आली, मुनाफभाईंनीच चालवली. गॅरेजमध्ये डावं चाक काढलं. चकतीला दोन बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे जे पॅड असतात, ते झिजून कागद झाले होते. त्यांनी एक छोटीशी वाकडी पत्री दाखवली. पॅड संपत आलं की ही पत्री चकतीला घासून ओरडते, ती कंपनीनेच त्यासाठी लावलेली असते. म्हणजे चाक दोन दिवस ओरडून सांगत होतं, मला बदला, आणि मी त्याच्या तोंडात खोबरेल ओतलं. आप्पा हळूहळू जवळ आले. त्यांनी मला विचारलं, ब्रेक दाबला की आवाज थांबायचा? मी आठवलं. हो, थांबायचा. वळणावर बदलायचा? नाही. मग पॅडच, ते म्हणाले. बेअरिंग असतं तर घुमलं असतं आणि वळणावर बदललं असतं, खडा असता तर खरखरला असता, वेळी-अवेळी. तुमच्या गाडीला आवाज आला तर आधी एवढं बघा, मग तेलाकडे, म्हणजे तेलाकडे कधीच नका बघू.

मुनाफभाईंनी दुसऱ्या बाजूचं तेल पुसून, खात्रीसाठी जुनेच पॅड तात्पुरते बसवून चाक हाताने फिरवलं. चीं. परत आला. तेच ते, दूधवाल्याची सायकल. त्यांनी पिशवीतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढून आप्पांपुढे धरला. जुने मिस्त्री असं ऐकतात, टोक लोखंडाला आणि मूठ कानाच्या हाडाला. आप्पांनी मूठ कानाशी लावली, मान तिरकी केली, डोळे मिटले. मुनाफभाई चाक फिरवत होते. चीं, चीं, चीं. गॅरेजच्या बाहेरून जाणाऱ्या बाईने वळून बघितलं इतका आवाज होता.

आप्पांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"येतोय का गं आवाज?"

"येतोय, आप्पा."

त्यांनी मान डोलावली आणि स्क्रू-ड्रायव्हर मुनाफभाईंना परत दिला. मुनाफभाई म्हणाले, नवीन पॅड आणतो, आणि दुकान समोर असताना बराच वेळ आले नाहीत. पॅड आणि मजुरी मिळून दोन हजारही झाले नाहीत, आरशाचे वेगळे. बोर्लीत गाडी अडली तर घाबरू नका, एवढं मी नक्की सांगेन.

निघताना आप्पा डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि चावी माझ्या हातात दिली. मी कधी त्यांच्यासमोर गाडी चालवली नव्हती. उतारावर ते म्हणाले, दुसरा टाक. बोटीवर शिट्टीवाला शिट्टी वाजवू लागला, तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघत बसले. आणि ठाण्यापर्यंत दर दहा-पंधरा किलोमीटरला विचारायचे, आता? मी म्हणायचे, नाही. वडखळच्या पुढे त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगायला लागले.

घरी आल्यावर मकरंदचा फोन होताच. हो की नाही? मी त्याला सांगितलं की ब्रेक गेले तेव्हा आप्पांनी गाडी थांबवली आणि शिट्टी वाजली तेव्हा ऐकली नाही, आणि ब्रेक त्याच्या बहिणीने घालवले होते. त्याला याचं एका शब्दात उत्तर हवं होतं. मी म्हटलं, तुला एवढी घाई असेल तर ये आणि आधी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा. तो बिचारा आला, आणि घेऊन गेला. चावी तोवर माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला होती. आप्पांनी स्वतः आणून लावली होती.

प्रवासातून काय राहिलं म्हणाल तर दोन डबे खोबरेल, जे मी बाथरूमच्या कपाटात अगदी मागे ठेवलंय. काकूंचे मोदक त्याच रात्री संपले. भाऊकाकांनी तीनदा फोन करून माफी मागितली आणि तिसऱ्यांदा विचारलं की हँडब्रेकच्या तारेला तरी चालतं का. डाव्या दारावर जांभ्याची तांबूस रेघ आहे. ती रंगवायची नाही असं आप्पा म्हणतात.

कानाचं मशीन आलं त्याला आता आठवडा झाला. पहिले चार दिवस त्यांनी ते डबीत ठेवलं. काल संध्याकाळी लावून वर आले, कुकरची शिट्टी झाली तर दचकले, मग खिळ्यावरची चावी घेतली आणि खाली गेले. मी धावत गॅलरीत गेले. गाडी जागची हलली नव्हती. इंजिन चालू होतं, चारही काचा खाली होत्या, आणि आप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून, मान तिरकी करून नुसते बसले होते. मग त्यांनी आवारातल्या आवारात एक चक्कर मारली, फार हळू. वर आले तेव्हा कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे काहीतरी लिहून आणलं होतं, नंबर घालून. ते पान त्यांनी माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं.

"सात ठिकाणी आवाज आहे," आप्पा म्हणाले. "तुला एकच ऐकू आला?"